सर्व्हर बदलला तरी ईपीएबीएक्स मेलेल्यालाच कॉल देत राहतो (ॲस्टेरिस्क + कीपअलाइव्हड)

दवाखाना_क्रोन

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथले फोन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर आणि उन्हाळा लागला की कूलरच्या मोटरी, सगळं माझ्याकडे. नागपूरहून इंजिनिअर बोलावला तर तो येतो, ‘रीस्टार्ट करून पाहा’ म्हणतो आणि व्हिजिटचं बिल लावून जातो. रीस्टार्ट मलाही येतं. म्हणून इथं विचारून राहिली आहे.

मांडणी अशी. बाहेरून तीस चॅनलची पीआरआय (एकाच वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल लाईन) ईपीएबीएक्सवर, म्हणजे दवाखान्याच्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजवर येते. वॉर्ड, ओपीडी, कॅज्युअल्टी, मेस, सगळीकडे साधे दोन तारांचे फोन. ईपीएबीएक्समध्ये आठ चॅनलचं एक व्हीओआयपी कार्ड (कॉल लॅनवरून पाठवणारं) आहे आणि त्यातून सिप ट्रंक, म्हणजे लॅनवर सिप पद्धतीनं कॉल नेणारी वाट, दोन सर्व्हरकडे जातो. दोन्हींवर डेबियन १२ (लिनक्स), त्यावर ॲस्टेरिस्क २० हे टेलिफोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर. आयव्हीआर (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारा आवाज), रेकॉर्डिंग, ॲम्ब्युलन्सच्या कॉलची रांग आणि उपकेंद्रांवरचे आयपी फोन, हे सगळं ॲस्टेरिस्क सांभाळतं. अ सर्व्हर १९२.१६८.१०.५१ वर, ब ५२ वर, आणि कीपअलाइव्हडनं (एक सर्व्हर पडला की पत्ता दुसऱ्याला देणारा प्रोग्राम) फिरता ठेवलेला पत्ता ५०. कार्डाचा पत्ता १०. कार्डाच्या ट्रंकमध्ये सर्व्हरचा एकच पत्ता भरता येतो, तिथं ५० टाकलेला आहे. दुसरा लिहायला रकानाच नाही.

दोन सर्व्हर कशाला, असं कुणी विचारेल. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, त्यानंतर आमचा नंबर गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला. मृग लागला की साप चावल्याचे फोन, कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे. तेही रात्री.

आता दुखणं.

अ ची लॅन केबल ओढली की ब तीन-चार सेकंदांत ५० घेतो. लॅपटॉपवरून पिंग चालतं. उपकेंद्रांचे आयपी फोन थोड्या वेळात परत रजिस्टर होतात, एकमेकांना लागतात. ठेकेदारानं डेमो दिला तो याच फोनवरून. पण बाहेरून दवाखान्याचा नंबर लावा: आधी पूर्ण शांतता, अर्ध्या मिनिटानं एंगेज टोन. वॉर्डातून आयव्हीआर लावला तरी तेच. वीसेक मिनिटं हे असंच राहतं आणि मग कुणी हात न लावता आपोआप चालू होतं. व्हीओआयपी कार्ड रीसेट केलं तर मात्र लगेच.

केबल न ओढता नुसती ॲस्टेरिस्कची प्रोसेस मारली तर काहीच हलत नाही. ५० अ वरच, अ वरचं ॲस्टेरिस्क गार, आणि ब ला पत्ताच नाही काय झालं त्याचा.

तिसरं रोजचं नाही: लाईट जाऊन आली की कधी कधी दोन्ही सर्व्हर ‘५० माझाच’ म्हणतात. थोड्या वेळानं मिटतं, पण त्यानंतर ईपीएबीएक्स कुणाकडे कॉल देईल त्याचा भरवसा नाही.

ईपीएबीएक्सवाले म्हणतात सर्व्हरचा दोष, सर्व्हरवाले म्हणतात ईपीएबीएक्स जुना. दोघंही बरोबर असतील, पण रात्री दोन वाजता सिस्टरचा फोन मला येतो. नेमकं कुठं बोट ठेवायचं?

खाण_एक्स्टेंशन

वणीच्या पट्ट्यात कोळसा खाणीच्या टेलिफोनचं काम करतो. ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळे आजार आहेत, एका गोळीनं जाणार नाहीत. आधी वीस मिनिटांचा घेऊ.

ब वर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावा, सिपच्या पोर्ट ५०६० वर, आणि सोबत ‘-ई’ नक्की द्या म्हणजे प्रत्येक पॅकेटचा मॅक ॲड्रेस (लॅन कार्डाची स्वतःची ओळख) दिसेल. हे महत्त्वाचं आहे. अ ची केबल निघाली की नेटवर्क स्विच त्याचा मॅक विसरतो, आणि अनोळखी मॅकसाठी आलेलं पॅकेट तो सगळ्या पोर्टांवर टाकतो. त्यामुळं ब वर इनव्हाइट, म्हणजे सिपमध्ये कॉल लावायचा संदेश, दिसला तरी तो ब साठी होता असं समजू नका. कुणाच्या मॅकवर आलाय ते पाहा.

माझा संशय सांगतो. ५० हा पत्ता ब नं घेतला हे खरं, पण लॅनवर पॅकेट जातं ते मॅकवर. ईपीएबीएक्सच्या कार्डानं ‘५० म्हणजे अमुक मॅक’ असं एआरपीच्या तक्त्यात लिहून ठेवलेलं असतं. कीपअलाइव्हड मास्टर (५० ज्याच्याकडे तो) झाला की ग्रॅच्युइटस एआरपी सोडतो, म्हणजे कुणी न विचारता सगळ्यांना सांगतो की ५० आता माझ्याकडे आहे. लॅपटॉप ऐकतो, आयपी फोन ऐकतात. जुनी कार्डं ऐकतीलच असं नाही. ती आपल्या नोंदीची मुदत संपेपर्यंत जुन्याच मॅकवर पॅकेट टाकत बसतात. बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या नेटवर्क कोडमध्ये ही मुदत १२०० सेकंद असते, आणि छोट्या यंत्रांमध्ये तोच कोड पुष्कळांनी उचललेला आहे. १२०० सेकंद म्हणजे वीस मिनिटं. तुमचा आकडा वाचला आणि तेच डोक्यात आलं.

अर्ध्या मिनिटाच्या शांततेचा हिशोब सिपमध्येच आहे. यूडीपीवर पाठवलेल्या इनव्हाइटला उत्तर आलं नाही तर तो अर्ध्या सेकंदानं परत जातो, मग एक, दोन, चार असं अंतर दुप्पट होत जातं आणि ३२ सेकंदांनी कार्ड हार मानतं. तोवर फोन करणाऱ्याला काही ऐकू येत नाही.

डंप टाका इथं, मग पुढचं बोलू.

नागपूर_आयटी

एवढा खटाटोप कशाला? ईपीएबीएक्स भंगारात काढा, क्लाऊड टेलिफोनी घ्या, मोबाईल ॲपवर कॉल घ्या. आजकाल कोण पीआरआय ठेवतं?

दवाखाना_क्रोन

@नागपूर_आयटी भाऊ, लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की आमच्याकडे इंटरनेट नावापुरतं राहतं. तेव्हासुद्धा कॅज्युअल्टीतून लेबर रूमला फोन लागतो, कारण तो तांब्याच्या दोन तारांवर आणि ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ईपीएबीएक्स राहणार.

@खाण_एक्स्टेंशन दादा, सांगितल्याप्रमाणे केलं. अ ची केबल ओढली, ब वर डंप लावला, मेल सर्जिकल वॉर्डातून आयव्हीआर लावायला सांगितला. इनव्हाइट दिसले. पहिला, मग अर्ध्या सेकंदाला, दीडला, साडेतीनला, साडेसातला, साडेपंधराला आणि शेवटचा साडेएकतिसाव्या सेकंदाला. सातही इनव्हाइट ५० साठी, आणि सातहींवर मॅक अ चा! ब च्या दारातून पॅकेट जातंय, पण त्यावर नाव दुसऱ्याचं म्हणून ब उत्तरच देत नाही. ‘-ई’ दिलं नसतं तर ‘इनव्हाइट येतोय पण ॲस्टेरिस्क उत्तर देत नाही’ असं समजून सगळा दिवस ॲस्टेरिस्कच्या फाइली चाळल्या असत्या.

ग्रॅच्युइटस एआरपी पण पाहिले. ब मास्टर झाल्या झाल्या पाच, आणि पाच सेकंदांनी परत पाच. त्याच स्विचवर लावलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर सगळे पोचले. म्हणजे ब ओरडून सांगतो, कार्ड ढुंकून पाहत नाही. कार्डाच्या मेन्यूत एआरपीचा काही पर्यायच नाही. आता काय?

खाण_एक्स्टेंशन

कार्ड ऐकत नसेल तर त्याला ऐकायची गरज पडू नये असं करायचं. पत्त्यासोबत मॅकही फिरवा.

व्हीआरआरपीच्या (कीपअलाइव्हड ज्या नियमांनी पत्ता फिरवतो ते) मानकातच यासाठी मॅक राखून ठेवलेला आहे: ००:००:५ई:००:०१ आणि शेवटची जोडी म्हणजे तुमचा व्हर्च्युअल राउटर आयडी, हेक्समध्ये. कीपअलाइव्हड हा मॅक आपणहून वापरत नाही, कॉन्फिगमध्ये ‘यूज_व्हीमॅक’ लिहावं लागतं. मग जो मास्टर असेल त्याच्यावर तोच मॅक उभा राहतो. कार्डाच्या तक्त्यात काही बदलायला नको. फक्त मधल्या नेटवर्क स्विचला कळायला हवं की हा मॅक आता दुसऱ्या पोर्टवर आलाय, आणि ते त्याला ब च्या पहिल्याच पॅकेटमधून कळतं.

तीन गोष्टी सांभाळा. नमुन्याच्या फाइलीत आयडी ५१ असतो आणि सगळे तोच ठेवतात. त्याच लॅनवर दुसऱ्या कुणाच्या जोडीचा पण ५१ असला तर दोघांचा मॅक एकच होईल, म्हणून वेगळा घ्या. दुसरं, मूळ लॅन कार्डावर एआरपी_इग्नोर १ करा, नाहीतर मूळ लॅन कार्डही ५० बद्दलच्या विचारणेला स्वतःच्या मॅकनं उत्तर देऊन मोकळं होतं आणि तुम्ही परत पहिल्याच ठिकाणी. तिसरं, बदल केल्यावर ईपीएबीएक्सचं कार्ड एकदा रीसेट करावं लागेल, कारण त्याच्याकडे अजून अ चा खरा मॅक लिहिलेला आहे. ते रात्री नको, ओपीडी संपल्यावर करा.

प्रोसेस मेल्याचा प्रश्न सोपा आहे. कीपअलाइव्हड मशीन आणि लॅन पाहतो, ॲस्टेरिस्क जिवंत आहे का ते तुम्ही सांगितल्याशिवाय पाहत नाही. व्हीआरआरपी_स्क्रिप्ट लावा. पण स्क्रिप्टमध्ये नुसता ‘प्रोसेस आहे का’ एवढंच नको. अडकून पडलेल्या ॲस्टेरिस्कची प्रोसेस दिसतेच. स्वतःला सिपचा ऑप्शन्स (‘आहेस का’ विचारणारा संदेश) पाठवा आणि दोन सेकंदांत उत्तर आलं तरच ठीक म्हणा.

आणि दोन मास्टर. तुमचा नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे का?

दवाखाना_क्रोन

नाही. सर्व्हर आणि ईपीएबीएक्स बॅटरीवर आहेत, पण स्विचचं कपाट ओपीडीच्या पॅसेजमध्ये आहे आणि इलेक्ट्रिकच्या ठेकेदारानं त्याला जवळच्या ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून लाईन दिली आहे. लाईट गेली की स्विच जातो.

खाण_एक्स्टेंशन

मग झालंच. लाईट आल्यावर स्विच चालू होतो, पोर्टचा दिवा लागतो, दोन्ही सर्व्हरना वाटतं लॅन आली. पण स्पॅनिंग ट्री (लॅनमध्ये वर्तुळ होऊ न देणारी सोय) चालू असलेला स्विच पोर्ट लगेच उघडत नाही; पंधरा आणि पंधरा असे तीस सेकंद नुसता ऐकत-शिकत बसतो. तोवर अ ची ‘मी जिवंत आहे’ ही व्हीआरआरपीची जाहिरात ब ला ऐकू येत नाही. तीन जाहिराती चुकल्या आणि थोडं वर झालं की ब मास्टर. अ तर मास्टर आहेच. पोर्ट उघडले की कमी प्राधान्याचा मागे हटतो. तुम्ही म्हणता ना, थोड्या वेळानं मिटतं. ते हेच.

सर्व्हर आणि ईपीएबीएक्सचे पोर्ट ‘एज’ करा म्हणजे ते लगेच उघडतील. आणि दोन्ही सर्व्हरना बॅकअप म्हणून सुरू करून ‘नोप्रीएम्प्ट’ लावा, म्हणजे अ परत आला की उगाच ५० हिसकावून घेणार नाही. चालतंय त्याला चालू द्यावं.

दोन सर्व्हरमध्ये थेट केबल टाकून जाहिरात त्यावरून पाठवा असा सल्ला कुणी देईल. तुमच्या इथं मी तो घेणार नाही. लॅन मेली आणि ती केबल जिवंत राहिली तर अ सुखानं मास्टर राहील आणि एकही कॉल पोचणार नाही. ज्या तारेवरून कॉल जातात त्याच तारेवरून तब्येत विचारावी.

रॅक्सवाला_निवृत्त

ताई, मी खेड्यापाड्यातले एक्सचेंज सांभाळण्यात नोकरी काढली. सिप-बिप माह्या काळातलं नाई, पण दोन गोष्टी सांगतो, पटल्या तं पाहा.

पयली गोष्ट. तुमचे दोन सर्व्हर, त्यायचं फेलओव्हर (एक पडला का दुसऱ्यानं काम घेनं), हे सारं होईन तवा होईन. पण ईपीएबीएक्स सोता हुशार हाय. त्याले सांगून ठेवजा का सिप ट्रंक मेला तं पीआरआयवर आलेला फोन शिदा कॅज्युअल्टीच्या साध्या फोनवर वाजव. आयव्हीआर नाई, रेकॉर्डिंग नाई, पण सिस्टर तं उचलन! ज्याच्या लेकराले साप चावला त्याले ‘मराठीसाठी एक दाबा’ आयकाची हौस नसते. त्याले माणूस पायजे. हे काम तुमी सर्व्हरच्या आंधी करजा.

दुसरी गोष्ट. त्या स्विचले बॅटरीवर आना. सारी साखळी बॅटरीवर आन् मधातली एक कडी ट्यूबलाइटवर, असं कसं चालन? आमच्या रॅक्समधी (खेड्यातलं लहान एक्सचेंज) कंट्रोलचे कार्ड दोन राहत, एक कामावर, एक राखीव. पण राखीव कार्ड पॉवरशिवाय काय करन? १९८६ साली कर्नाटकात कित्तूरले सी-डॉट या सरकारी संस्थेचं पयलं ग्रामीण एक्सचेंज लागलं, १२८ पोर्टचं. बिगर एसीचं चालाचं, खेड्यातल्या गर्मीतही. पण अर्थिंग आन् बॅटरी नीट नसली तं तेही रुसाचं.

आन् सर्व्हरच्या खोलीत कूलर असन तं काढा. कूलरची वली हवा कार्डाच्या कडेच्या पिनायवर बसते, पिना हिरव्या पडते. थंडी पायजे, पण वल नोको.

दवाखाना_क्रोन

काका, कूलर होता. काढला. कार्डाच्या पिना पाहिल्या, एका कडेला हिरवट छटा होतीच. रबरानं आणि स्पिरिटनं साफ केल्या. एक्झॉस्ट पंखा आणि जुना स्प्लिट एसी आता त्या खोलीत लावून राहिलो आहोत, ट्रस्टींनी कुरकुर करून का होईना सही दिली.

स्विचचं कपाट बॅटरीवर आलं. पोर्ट एज केले. आयडी ७७ घेतला, म्हणजे मॅकचा शेवट ४डी. यूज_व्हीमॅक लावून कार्ड रीसेट केलं. मग अ ची पॉवर केबलच ओढली. लॅन केबल ओढणं, कीपअलाइव्हड नीट बंद करणं आणि मशीन एकदम मरणं ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता कळतंय: नीट बंद केला तर तो जाताना शून्य प्राधान्याची जाहिरात सोडतो आणि ब लगेच उठतो, मेलेला माणूस निरोप देत नाही, म्हणून ते तीन-साडेतीन सेकंद. त्यानंतर वॉर्डातून कॉल केला आणि आयव्हीआरची बाई बोलली. वीस मिनिटं गेली.

पण आता उलट्या बाजूनं अडलं. बाहेरून आत कॉल येतो. ॲस्टेरिस्ककडून वॉर्डात कॉल केला, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टरनं आमच्या डॉक्टरांना लावला, की ईपीएबीएक्स ४०३ (परवानगी नाही) देऊन नाकारतो. अ वर असतानाही तेच झालं, म्हणजे ब चा दोष नाही. व्हीमॅक लावायच्या आधी हे चालत होतं, कारण तेव्हा ट्रंकमध्ये येणाऱ्या कॉलसाठी ईपीएबीएक्सवाल्यांनी ५१ ला वेगळी परवानगी दिलेली होती. ती आता नीट करायची म्हणून मी काढली.

सिप_अमरावती

हा पत्त्याचा मामला आहे. ॲस्टेरिस्क ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकत असेल तर तो नवा कॉल काढताना लिनक्सनं दिलेला मूळ पत्ता वापरतो, म्हणजे ५१ किंवा ५२. ईपीएबीएक्सला फक्त ५० ओळखीचा. नाकारणारच. ५१ ची परवानगी काढलीत ते बरं केलंत, नाहीतर अ वर चाललं असतं आणि ब वर गेल्यावर त्याच रात्री पडलं असतं.

पीजेसिपच्या (ॲस्टेरिस्कमधला सिप सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्टमध्ये बाइंड ५० वर करा, म्हणजे तो ५० वरूनच बोलेल. ज्या सर्व्हरवर त्या क्षणी ५० नसेल तिथं ॲस्टेरिस्कला बाइंड करता यावं म्हणून आयपी_नॉनलोकल_बाइंड १. आवाजाचं विसरू नका. सिप ५० वरून आणि आरटीपी (आवाजाची पॅकेट) ५१ वरून असं झालं तर कॉल लागेल आणि एकाच बाजूनं ऐकू येईल. एंडपॉइंटवर मीडिया_ॲड्रेस ५० आणि बाइंड_आरटीपी_टू_मीडिया_ॲड्रेस ‘येस’.

एक खोच आहे. नॉनलोकल बाइंड लावून स्टँडबायवर ॲस्टेरिस्क चालू ठेवला तर तो पण ५० च्या नावानं ईपीएबीएक्सला ऑप्शन्स पाठवत राहतो. उत्तर मास्टरकडे जातं, स्टँडबाय समजतो ईपीएबीएक्स मेलाय. मग खरंच त्याच्यावर वेळ आली की पुढचं क्वालिफाय (ऑप्शन्सची तपासणी) होईपर्यंत तो वॉर्डात कॉलच टाकत नाही. म्हणून मी स्टँडबायवर ॲस्टेरिस्क बंदच ठेवतो. कीपअलाइव्हडच्या (स्थिती बदलली की चालणाऱ्या) नोटिफाय_मास्टरमध्ये सुरू, नोटिफाय_बॅकअप आणि नोटिफाय_फॉल्टमध्ये बंद. सुरू व्हायला थोडे सेकंद जातात, तेवढे परवडतात.

पण मग @खाण_एक्स्टेंशन यांनी सांगितलेली तपासणीची स्क्रिप्ट स्टँडबायवर कायम नापास होईल, कारण तिथं ॲस्टेरिस्क बंद आहे. आणि नापास झालेला सर्व्हर फॉल्टमध्ये जातो, कधीच मास्टर होत नाही. स्क्रिप्टनं आधी पाहावं की ५० आपल्यावर आहे का. नसेल तर शून्य देऊन बाहेर. असेल तर ॲस्टेरिस्क विचारा. सुरू व्हायच्या वेळेत नापास धरू नये म्हणून सलग तीन वेळा उत्तर नाही आलं तरच पडला म्हणा.

दवाखाना_क्रोन

हे सगळं बसलं. प्रोसेस मारून पाहिली, पॉवर ओढून पाहिली, स्विच बंद-चालू करून पाहिला. दोन्ही दिशांनी कॉल जातो, आवाज दोन्हीकडून.

काकांचा पर्यायी मार्ग पण टाकला. ईपीएबीएक्सच्या ट्रंकमध्ये ऑप्शन्सची तपासणी बंद होती, ती दहा सेकंदांवर आणली. दोन्ही सर्व्हर बंद करून मोबाईलवरून नंबर लावला, कॅज्युअल्टीचा लाल फोन वाजला. ब्रदरनं उचलून ‘कोण पाहिजे’ विचारलं, मी म्हटलं ‘तुम्हीच’. मात्र ट्रंक मेल्याचं कार्डाच्या लक्षात यायच्या आत जो कॉल येतो तो अजून बत्तीस सेकंद शांततेत अडकतो. हे टायमर कार्डात कुठं बदलता येतं का ते कंपनीला विचारलं आहे, उत्तर नाही.

एक उरलं. फेलओव्हरच्या क्षणी चालू असलेले कॉल. अ मेला की आवाज बंद होतो, पण लाईन कटत नाही. परवा चाचणी करताना एका गावचा खरा कॉल मधात आला. नातेवाईक कानाला फोन लावून बसलेला, होल्डवर ठेवलंय समजून. मी लगेच मोबाईलवरून परत लावला म्हणून कळलं. चालू कॉल ब वर नेता येतो का?

सिप_अमरावती

नाही येत. चालू कॉलची माहिती ॲस्टेरिस्क दुसऱ्या मशीनला देत नाही, अ सोबत ती गेली. त्यामुळं कॉल टिकवायच्या मागे लागू नका, तो लवकर कटेल असं पाहा. कटला की माणूस परत लावतो. शांत राहिला की थांबून राहतो.

कार्डात आरटीपी टाइमआउट असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा लावा, सगळ्यात चांगलं तेच. नसेल तर सेशन टायमर (कॉल चालू आहे ना हे ठरावीक वेळानं तपासणारा) पाहा. नेहमीची किंमत १८०० सेकंद असते आणि ताजं करणारं पॅकेट अर्ध्या वेळेला जातं, म्हणजे पंधरा मिनिटांनी. ९० वर आणा, त्याखाली मानक जाऊ देत नाही. मग पंचेचाळीस सेकंदांच्या आत कार्ड ब ला विचारेल ‘हा कॉल चालू आहे ना’, ब म्हणेल ४८१, असा कॉल मला माहीतच नाही, आणि कार्ड लाईन सोडेल. ताजं करायची जबाबदारी मात्र कार्डाकडे हवी. ती ॲस्टेरिस्ककडे असेल तर मेलेला काही विचारणार नाही, आणि मग पूर्ण मुदत संपायची वाट.

दवाखाना_क्रोन

आरटीपी टाइमआउट मिळाला, मेन्यूत ‘सायलेन्स डिस्कनेक्ट’ अशा नावानं लपला होता. पंधरा सेकंद ठेवला. आधी भीती होती की सिस्टर फोन बाजूला ठेवून पेशंटकडे गेली तर कॉल कटेल. तसं होत नाही, बोललं नाही तरी पॅकेट येत राहतात, कारण ॲस्टेरिस्कवर आणि फोनांवर व्हीएडी (शांततेत पॅकेट थांबवणारी सोय) बंद आहे. ज्यांच्याकडे ते चालू असेल त्यांनी हा टायमर जपून लावा.

पुसद_ऑपरेटर

ताई, धागा वाचून काढला. आमच्याकडे ईपीएबीएक्सच नाही, पीआरआय थेट सर्व्हरमधल्या ई१ (पीआरआय ज्यावर येते ती डिजिटल लाईन) कार्डात घातली आहे. दुसरा सर्व्हर घेऊन कीपअलाइव्हड लावला तर हेच जमेल का? दोन्ही सर्व्हरना एकच पीआरआय समांतर जोडायची असं एक जण सांगून राहिला.

रॅक्सवाला_निवृत्त

भाऊ, समांतर जोडू नोका. ई१ म्हंजे साधा फोन नाई, का दोन डबे एका जोडीवर टाकले. २०४८ केबीपीएसचा प्रवाह हाय, १२० ओहमचा मेळ लागते, दोन कार्ड लावले का तो बिगडते. आन् सोळाव्या खान्यात सिग्नलिंग चालते, थो डी चॅनल. तिथं दोघं जन एकदम बोलाले लागले का पलीकडचं एक्सचेंज दोघायलेही झिडकारते, तीसही चॅनल बसते.

आयपी फिरवल्यानं तांब्याची तार फिरत नाई. मधात पीआरआय ते सिप गेटवे टाका. पीआरआय गेटवेवर राहू द्या, आन् गेटवेले सिपनं दोन सर्व्हर दाखवा. गेटवे घेतानी इचारजा का ट्रंकमधी दोन पत्ते लिहिता येते का. ताईच्या कार्डासारखा एकच रकाना असन तं घेऊ नोका. आन् सर्व्हर दोन्ही मेले तं एखाद्या साध्या फोनवर कॉल टाकाले गेटवेले एफएक्सएस पोर्ट (साधा फोन लावाचा) हाय का, तेही पाहून घ्या.